मुखातील लीजनांचे वर्णन शिकवणारा फ्लॅशकार्ड संच: एका सत्राच्या वापरानंतर

गेले संपूर्ण सत्र मी तोंडातील लीजनांचे, म्हणजे डाग, फोड, गाठ, व्रण अशा विकृत बदलांचे, वर्णन कसे करावे हे शिकवणारा एक फ्लॅशकार्ड संच पदवीच्या विद्यार्थ्यांबरोबर वापरत आहे. दंतवैद्यकाचे विद्यार्थी आणि ओपीडीत नव्याने बसू लागलेले इंटर्न यांच्यासाठी तो काढलेला आहे. त्याचे नाव मी येथे देत नाही. पुढे त्याच्या काही ठळक चुका दाखवायच्या आहेत, आणि तशाच चुका या प्रकारच्या इतर साहित्यातही मला आढळल्या असल्याने एकट्या याच संचाला वेगळे काढून दोष देणे न्याय्य होणार नाही. एवढे आधीच सांगते की संच मी परत केलेला नाही आणि पुढच्या सत्रातही तो वापरणार आहे. मात्र जसा आला तसा नाही.

पेटीत तळहातापेक्षा किंचित मोठी, जाड कागदाची कार्डे आहेत. पुढच्या बाजूला छायाचित्र आणि मागच्या बाजूला तीन नोंदी: संज्ञा, तिची व्याख्या, आणि ही संज्ञा कोणत्या दुसऱ्या संज्ञेशी गल्लत करून वापरली जाते त्याबद्दल एक वाक्य. ही तिसरी नोंद मला फार आवडली. मॅक्यूलच्या, म्हणजे फक्त रंगाने वेगळ्या दिसणाऱ्या सपाट डागाच्या, मागे ‘डोळे मिटून बोट फिरवले तर लागत नाही, लागले तर पॅप्यूल किंवा प्लाक’ असे लिहिले आहे, आणि एवढ्या एका वाक्याने जे काम होते ते व्याख्या दहा वेळा घोकून होत नाही. कार्डांच्या कडा गटागटाने रंगवलेल्या आहेत: सपाट, उंचावलेली, द्रव भरलेली, पृष्ठभाग गेलेली, रंग व रक्तस्राव, पृष्ठभाग व बुंधा, आणि शेवटी क्ष-किरण. सोबत एक पातळ पुस्तिका आणि मोबाइलवरील प्रश्नमंजूषा आहे.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर खेळाचा एक नियम आहे: पहिल्या फेरीत ज्याने रोगाचे नाव उच्चारले त्याने कार्ड न घेता परत ठेवायचे. हा संच विकत घ्यावा असे मला वाटण्याचे मुख्य कारण हा नियम आहे. विद्यार्थ्याला छायाचित्र दाखवले की त्याच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘लायकेन प्लॅनस’, ‘फायब्रोमा’ किंवा ‘कॅन्सर’. परीक्षेने त्याला तेच शिकवलेले असते. पण केसपेपरवर रोगाचे नाव आधी उतरले की डोळे पाहायचे थांबतात. पुढे जे काही दिसते ते त्या नावाला जुळवून घेतले जाते आणि जे जुळत नाही ते लिहिलेच जात नाही.

हे मी दुसऱ्यांबद्दल बोलत नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका रुग्णाच्या वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक छोटी, गोल, हलणारी गाठ मी पाहिली होती आणि बायॉप्सीच्या फॉर्मवर निर्धास्तपणे ‘म्यूकोसील’ (लाळ साचून झालेली फुगवटी) एवढेच लिहून पाठवले होते. आकार लिहिला नव्हता, दाबल्यावर ती कशी लागते हे लिहिले नव्हते, आणि ‘ओठ’ लिहिताना वरचा की खालचा हेही लिहिले नव्हते. पॅथॉलॉजीच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी बोलावून घेऊन विचारले, ‘‘अहो, गाठ वरच्या ओठावरची आहे का?’’ काचपट्टीवर त्यांना लाळग्रंथीचा सौम्य ट्यूमर दिसत होता. म्यूकोसील बहुतांशी खालच्या ओठावर होतो. वरच्या ओठावरची घट्ट, हलणारी गाठ दिसली की लहान लाळग्रंथींचा ट्यूमर मनात आणावा लागतो. मी जर फक्त ‘वरच्या ओठाच्या आतील श्लेष्मल आवरणाखाली, मध्यरेषेच्या उजवीकडे, एकच, घट्ट, हलणारा, न दुखणारा नोड्यूल, वरील आवरणाचा रंग प्राकृत’ असे लिहिले असते तर निदानाचा शब्द न लिहिताही योग्य ते सगळे सांगितले गेले असते. फॉर्मॅलिनच्या बाटलीत पोहोचणाऱ्या तुकड्याला ना जागा असते, ना रंग, ना आजूबाजूचा परिसर. पॅथॉलॉजिस्टला ते सगळे आपल्या वाक्यातूनच मिळते.

म्हणून संचाचा मूळ विचार पक्का आहे. त्याची अंमलबजावणी मात्र सगळीकडे सारखी नाही.

आधी चांगल्या गटांविषयी. रंग व रक्तस्राव हा गट संपूर्ण संचात सर्वांत विचारपूर्वक केलेला आहे. टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके म्हणजे पेटेकी, त्याहून मोठा, पसरट, न उंचावलेला रक्ताचा डाग म्हणजे एकायमोसिस, आणि रुंदावलेल्या बारीक रक्तवाहिन्यांची जाळी म्हणजे टेलँजिएक्टेशिया, हे तिन्ही लालसर-जांभळे दिसत असल्याने विद्यार्थ्यांची येथे हमखास गल्लत होते. संचाने प्रत्येकाची दोन छायाचित्रे दिली आहेत: एक तसेच, आणि दुसरे त्यावर काचपट्टी दाबलेली असताना. रक्त वाहिनीच्या आत असेल तर दाबाखाली रंग फिका पडतो, वाहिनीबाहेर ऊतीत सांडलेले असेल तर पडत नाही. ही डायस्कोपीची चाचणी पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेली असते. येथे दोन कार्डे शेजारी ठेवली की ती वर्गातल्या सर्वांत मागच्या बाकापर्यंत पोहोचते. याच गटात हिरडीवरचा करडा-निळसर डागही आहे, जो दाबल्याने जराही बदलत नाही, आणि त्यामागे फक्त एवढेच लिहिले आहे की ‘मॅक्यूल, जवळच्या दातांत चांदीचे जुने भरण आहे का ते पाहा’. अमाल्गम टॅटू, म्हणजे त्या भरणाचे कण ऊतीत शिरून पडलेला डाग, हा शब्द कार्डावर नाही. तो विद्यार्थ्याने शोधायचा आहे. संच करणाऱ्याने येथे फार चांगला संयम पाळला आहे.

बुंध्याविषयीची कार्डेही उत्तम आहेत, आणि गंमत म्हणजे त्यांवर छायाचित्रे नसून साधी रेखाचित्रे आहेत. वाढीचा सर्वांत रुंद भाग तिच्या बुंध्याशीच असेल तर सेसाइल, आणि बुंधा वरच्या भागापेक्षा अरुंद, देठासारखा असेल तर पेडंक्युलेटेड. छायाचित्रात वाढ समोरून दिसते आणि देठ तिच्याखाली लपतो, म्हणून येथे रेखाचित्र हेच योग्य साधन आहे, हे ज्याने ठरवले त्याने तोंडात प्रोब घालून अशा वाढी खरोखर हलवून पाहिल्या असणार. पॅपिलरी आणि व्हेरुकस यांच्या कार्डांबद्दल तेवढे चांगले म्हणता येत नाही. बोटांसारख्या असंख्य टोकांचा पृष्ठभाग आणि चामखिळीसारखा खडबडीत पृष्ठभाग यांतला फरक दाखवण्यासाठी निवडलेली दोन छायाचित्रे इतकी सारखी आहेत की मी स्वतःच एकदा मागची बाजू वाचून खात्री करून घेतली.

पांढऱ्या लीजनांच्या कार्डांवर संचाने शब्दाबरोबर कृतीही दिली आहे. गॉझने पुसल्यावर निघून येतो का. गाल ताणल्यावर नाहीसा होतो का. की दोन्हींनी काहीच फरक पडत नाही. कँडिडा या बुरशीचा दह्यासारखा थर पुसला जातो आणि खाली लालसर पृष्ठभाग उरतो. ल्युकोएडीमाचा, म्हणजे गालाच्या आतल्या निरुपद्रवी पांढुरकेपणाचा, दुधाळपणा ताणल्यावर विरतो. केराटिन या कडक प्रथिनाचा जाड थर दोन्हींना दाद देत नाही. ‘पुसल्याने न निघणारा’ हे शब्द केसपेपरवर लिहिलेले असणे आणि नसणे यांत फार मोठे अंतर आहे, कारण ते लिहिलेले असले की कोणीतरी खरोखर गॉझ हातात घेतला होता हे वाचणाऱ्याला कळते. येथेच एक जुनी भाषिक कटकटही पुढे येते. दातांवर साचणारा जिवाणूंचा थर म्हणजे प्लाक, आणि श्लेष्मल आवरणावरचा किंचित उंचावलेला, माथ्याला सपाट असा चट्टा म्हणजेही प्लाक. पहिल्या वर्षापासून पहिला अर्थ डोक्यात घट्ट बसलेला असतो, त्यामुळे दुसऱ्या अर्थाचे कार्ड हाती आले की निम्मा वर्ग दात शोधू लागतो. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. ज्यांना हे शिकवायचे आहे त्यांच्या मनात काय चालले असेल याचा अंदाज येथे चुकला आहे.

आता मापांविषयी. संचात घन, उंचावलेले लीजन ५ मिलिमीटरपर्यंत असेल तर पॅप्यूल आणि त्याहून मोठे असेल तर नोड्यूल, तसेच द्रव भरलेला फोड ५ मिलिमीटरपर्यंत व्हेसिकल आणि त्यापुढे बुला, असे ठाम लिहिले आहे. मुखविकृतिशास्त्राच्या पुस्तकांत बहुधा हीच सीमा असते, पण त्वचारोगशास्त्राच्या काही पुस्तकांत ती १ सेंटिमीटर धरलेली आहे, आणि आपल्या रुग्णाला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवण्याची वेळ वारंवार येते. ७ मिलिमीटरचा एकच फोड एका विभागात बुला आणि दुसऱ्या विभागात व्हेसिकल ठरू शकतो. यावर उपाय सोपा आहे: संज्ञेसोबत आकडा लिहावा, म्हणजे वाचणारा आपली सीमा स्वतः लावून घेतो. संचाने मात्र आकडा हा संज्ञा ओळखण्याचा टेकू म्हणून वापरला आहे. वर्णनाचा स्वतंत्र भाग म्हणून तो शिकवलेला नाही. याहून आश्चर्याची गोष्ट म्हणजे बहुतेक छायाचित्रांत मोजपट्टीच नाही. जिथे ४ आणि ६ मिलिमीटरने शब्द बदलतो तिथे विद्यार्थ्याने आकार कशावरून ठरवायचा? शेजारचा दात दिसत असेल तर त्याच्या रुंदीवरून थोडा अंदाज येतो, पण गालाच्या मध्यभागाच्या किंवा टाळूच्या छायाचित्रात तोही आधार नसतो. प्रत्येक दंतवैद्याच्या ट्रेमध्ये मिलिमीटरच्या खुणांचा पेरिओडॉन्टल प्रोब असतोच. छायाचित्र काढताना तो लीजनच्या शेजारी धरला असता तर संच दुप्पट उपयोगी झाला असता.

द्रव भरलेल्या लीजनांच्या गटाशी माझे भांडण जरा खोलवरचे आहे, आणि ते समजण्यासाठी हे शब्द आले कुठून हे थोडे पाहावे लागते. मॅक्यूल, पॅप्यूल, व्हेसिकल, बुला, पश्च्यूल (पू भरलेला फोड) हे सगळे शब्द मुळात त्वचेचे आहेत. योसेफ याकोब प्लेंक यांनी १७७६ साली त्वचेचे रोग त्यांच्या दिसण्यावरून वर्गांत मांडले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये रॉबर्ट विलन यांनी ती मांडणी आठ गटांत आणून घट्ट केली. त्या काळात रोगाचे कारण कळण्याची साधने नव्हती, म्हणून जे डोळ्यांना दिसते त्यालाच नेमके नाव देणे हीच पद्धत उरली होती. ती इतकी उपयोगी ठरली की आपण आजही तीच वापरतो. पण त्वचा कोरडी असते आणि तोंड ओले. त्वचेवरचा फोड काही काळ टिकतो, त्याचा घट्ट माथा दिसतो, तो सुकला की खपली धरतो. तोंडात पातळ आवरण, सततची लाळ, दातांचे घर्षण आणि जिभेची हालचाल यांमुळे फोड फार लवकर फुटतो. हर्पीसचा रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा व्हेसिकल क्वचितच शिल्लक असतात. दिसतात ते टाळूच्या पुढच्या कडक भागावर किंवा हिरडीवर झुपक्याने आलेले छोटे उथळ अल्सर (व्रण), कधी एकमेकांत मिसळून कडा नागमोडी झालेले. पेम्फिगस या फोड आणणाऱ्या रोगात बुला फुटून उरलेल्या आवरणाच्या चिंध्या लोंबताना दिसतात आणि मधला भाग सोललेला, लाल असतो.

संचातले व्हेसिकलचे छायाचित्र मात्र सुरेख, भरलेले, चमकदार फोडांचे आहे, आणि तेही ओठाच्या बाहेरच्या कडेवरचे. बुलाच्या कार्डावरही फोड अखंड आहे. विद्यार्थी ही कार्डे पाहून ओपीडीत जातो, तोंडात अखंड फोड शोधतो, सापडत नाही, आणि केसपेपरवर लिहितो ‘अनेक अल्सर’. त्याचे लिहिणे चुकीचे नसते, पण अपुरे असते. त्याने ‘झुपक्याने, १ ते ३ मिलिमीटरचे, काही मिसळलेले, कडांशी फुटलेल्या आवरणाचे अवशेष’ असे लिहिले असते तर फोड न पाहताही फोडाची कथा सांगितली गेली असती. या गटात एकच छायाचित्र फुटलेल्या फोडाचे असते तरी पुरे होते. याउलट ‘स्केल’ म्हणजे कोरडे पापुद्रे, या त्वचेच्या शब्दाचे कार्ड संचात आहे, आणि त्यावर कोपराचे छायाचित्र आहे. तोंडाच्या आत केराटिन लाळेने भिजून पांढरे दिसते, त्याचे कोरडे पापुद्रे सुटत नाहीत. या कार्डाचे येथे काम नाही. ‘क्रस्ट’चे, म्हणजे खपलीचे, कार्ड मात्र योग्य आहे, कारण ओठांच्या लाल भागावर रक्ताळलेल्या खपल्या दिसणे ही एरिथीमा मल्टिफॉर्मी या रोगातली महत्त्वाची खूण आहे.

अल्सर आणि इरोझन यांतला फरक संचाने बरा सांगितला आहे. इरोझनमध्ये आवरणाचे वरचे थर जातात, अल्सरमध्ये आवरण पूर्ण जाऊन खालची संयोजी ऊती उघडी पडते. म्हणून अल्सरच्या तळाशी पिवळसर-करडे फायब्रिनचे आवरण दिसते आणि इरोझन बहुधा लाल, ओलसर, उथळ राहते. केवळ डोळ्यांनी खोली ठरवणे नेहमी जमत नाही हे पुस्तिकेने मान्य केले आहे, आणि हा प्रामाणिकपणा चांगला वाटला. येथे रुग्णाच्या शब्दांचाही मुद्दा येतो. मराठी बोलणारा रुग्ण ‘तोंड आले आहे’ म्हणतो तेव्हा त्यात एक अल्सर असू शकतो, दहा असू शकतात, नुसता लालसरपणा आणि जळजळ असू शकते. ‘फोड आला’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा फोड नसतोच, असतो तो अल्सर. तो शब्द रुग्णाच्या तक्रारीच्या रकान्यात जसाच्या तसा लिहावा, आणि तपासणीच्या रकान्यात आपला. दोन्ही रकान्यांत एकच शब्द दिसला की कोणीतरी तोंड उघडून नीट पाहिलेले नाही असा मला संशय येतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. अल्सरच्या गटात एक मोठे कार्ड आहे, ज्यावर जिभेच्या कडेवरचा अल्सर दाखवला आहे. मागच्या बाजूचे वर्णन असे: जिभेची डावी कड, मधला तृतीयांश, एकच, लंबगोल, कडा उंचावलेल्या, गुंडाळल्यासारख्या बाहेर वळलेल्या, तळ ओबडधोबड, करड्या आवरणाचा, तळ व कडा टणक. वर्गात हे कार्ड मी उचलले तेव्हा एका विद्यार्थिनीने शेवटचा शब्द वाचून विचारले, ‘‘मॅडम, टणक आहे हे फोटोत कुठे दिसते?’’

तिचा प्रश्न योग्य होता. इंड्युरेशन, म्हणजे टणकपणा, हा शब्द बोटाचा आहे, डोळ्याचा नाही. हातमोजा घातलेल्या बोटाने कड दाबून पाहिल्यावर, शेजारच्या निरोगी जिभेशी तुलना केल्यावर, लीजनच्या दिसणाऱ्या कडेपलीकडेही घट्टपणा पसरलेला लागतो, तेव्हा तो शब्द लिहिण्याचा अधिकार मिळतो. कार्डावर तो शब्द छापून संच विद्यार्थ्याला नकळत अशी सवय लावतो की कडा वळलेल्या दिसल्या की ‘टणक’ लिहून टाकावे. म्हणजे ज्या संचाने रोगाचे नाव आधी घ्यायला मनाई केली, तोच संच मागच्या दाराने निदान आत आणतो. कारण वर्णनात ‘टणक’ आले ते हात लावून नव्हे, तर कर्करोगाची शंका मनात धरून. अशी कार्डे मी मोजली. ‘टणक’, ‘लवचिक’, ‘दाबल्यास दुखणारे’, ‘खालच्या ऊतीला चिकटलेले’, ‘दाबल्यावर द्रव हलतो’ यांपैकी काही ना काही छायाचित्रावरून लिहिलेली नऊ कार्डे संचात आहेत.

यातला धोका मी नुकताच पाहिला होता. बाहेरून आमच्याकडे पाठवलेल्या एका रुग्णाच्या चिठ्ठीवर ‘जिभेवर अल्सर, टणक नाही’ एवढेच होते. जिभेचा कोणता भाग, किती मोठा, किती दिवसांपासून, यांपैकी एकही गोष्ट नव्हती. रुग्ण तीन आठवड्यांनी आमच्यापर्यंत आला. अल्सर वाढला की तितकाच राहिला हे ठरवायला आमच्याकडे काही आधार नव्हता, आणि ‘टणक नाही’ हे बोटाने पाहून लिहिले की डोळ्यांनी, हेही कळायला मार्ग नव्हता. टोकदार दातासारखे कारण दूर केल्यावरही दोन आठवड्यांत जो अल्सर भरत नाही त्याची बायॉप्सी करावी हा नियम आम्हा सर्वांना पाठ आहे. पण दोन आठवडे मोजायचे तर पहिल्या दिवसाचे माप आणि जागा कागदावर असावी लागते. आम्ही थांबलो नाही, बायॉप्सी केली.

दुसरा मोठा घोटाळा ल्युकोप्लाकियाच्या कार्डाचा आहे. ते पॅच (मोठा सपाट चट्टा) आणि प्लाक यांच्या शेजारी, त्याच रंगाच्या कडेचे, म्हणजे जणू तीही दिसण्याची एक संज्ञा असल्यासारखे ठेवले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७८ च्या व्याख्येचा आशयच असा आहे की जो पांढरा पॅच किंवा प्लाक दुसरा कोणताही रोग म्हणून वैद्यकीय तपासणीने वा सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येत नाही तो ल्युकोप्लाकिया. म्हणजे हा शब्द इतर सगळे वगळून झाल्यावर लिहायचा आहे. पांढरे दिसले की ल्युकोप्लाकिया, असे शिकलेला विद्यार्थी गाल चावल्याने आलेला पांढरेपणा, लायकेन प्लॅनसच्या जाळीदार रेषा आणि दंतरेषेला समांतर जाणारी साधी लिनिया आल्बा, सगळे एकाच पोत्यात भरतो. तपासणीच्या रकान्यात ‘पांढरा, पुसल्याने न निघणारा, एकसारख्या पृष्ठभागाचा प्लाक’ लिहावे. ल्युकोप्लाकिया हा शब्द तात्पुरत्या निदानाच्या रकान्यात जावा. शिवाय कार्डावर १९७८ ची व्याख्याच दिली आहे. २००५ मध्ये लंडनला झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यशाळेत ती बदलण्यात आली, कर्करोगाचा धोका न वाढवणारे ज्ञात रोग व विकार वगळल्यावर उरणारा, धोक्याबाबत साशंक ठेवणारा पांढरा प्लाक अशी मांडणी पुढे आली, आणि ‘प्रीकॅन्सरस लीजन’ व ‘प्रीकॅन्सरस कंडिशन’ या जुन्या जोडीऐवजी ‘पोटेन्शियली मॅलिग्नंट डिसॉर्डर्स’ (कर्करोगात बदलू शकणारे विकार) ही एकच संज्ञा सुचवली गेली. पुस्तिकेत जुनी जोडी अजून तशीच आहे. नवी छपाई करताना एवढे तरी पाहायला हवे होते.

छायाचित्रांबद्दल आणखी एक गोष्ट. जवळपास सर्व छायाचित्रे फिक्या गुलाबी तोंडांची आहेत. ज्या हिरड्यांवर मेलॅनिनचा तपकिरी-काळसर रंग असतो तिथे लालसरपणा वेगळा दिसतो, कधी तर फक्त गडदपणा वाढल्यासारखा, आणि प्राकृत रंगद्रव्याचा पट्टा स्वतःच मॅक्यूल समजून लिहिला जातो. ‘कोरल पिंक’ हा हिरडीच्या प्राकृत रंगाचा ठरावीक शब्द गिरवून आलेल्या विद्यार्थ्याला समोरच्या रुग्णाची निरोगी हिरडी विकृत वाटते. हा दोष पाठ्यपुस्तकांतूनच चालत आलेला आहे, पण नव्या संचाला तो सुधारण्याची संधी होती.

क्ष-किरण गटाविषयी थोडक्यात: युनिलॉक्युलर (एकाच कप्प्याचे) आणि मल्टिलॉक्युलर (अनेक कप्प्यांचे), स्पष्ट कॉर्टिकेटेड (पातळ पांढऱ्या रेषेची) कड आणि अस्पष्ट कड, हे नीट दाखवले आहे, पण दोन कार्डांवर ‘सिस्ट’ असे लिहिले आहे. सिस्ट म्हणजे एपिथेलियमचे (आवरण बनवणाऱ्या पेशींच्या थराचे) अस्तर असलेली पोकळी, आणि अस्तर क्ष-किरणात दिसत नाही. दिसते ती रेडिओल्यूसन्सी, म्हणजे क्ष-किरण आरपार जाऊन काळी दिसणारी जागा. मोबाइलवरील प्रश्नमंजूषा वापरू नका. ती एकच शब्द बरोबर धरते, ‘सेसाइल नोड्यूल’ लिहिले तर चूक आणि ‘नोड्यूल’ लिहिले तर बरोबर म्हणते, म्हणजे अधिक नीट पाहणाऱ्याचे गुण कापते.

तरीही, गटाने बसून वापरण्यासाठी याहून चांगले साधन सध्या माझ्या हाताशी नाही. एकट्याने घरी पाठ करण्यासाठी घेणाऱ्यांनी घेऊ नये. मागची बाजू उलटून पाहण्याचा मोह आवरत नाही आणि मग ती पाठांतराचीच वही होते. चार-पाच जण, एक शिकवणारा, आणि शेजारी खराखुरा रुग्ण असेल तर संचाचे सोने होते. मी त्या नऊ कार्डांवर स्पर्शाच्या शब्दांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आहेत. त्या कार्डांना आता विद्यार्थी ‘बोट लावल्याशिवाय सांगता येत नाही’ असे उत्तर देतात, आणि ते पूर्ण गुणांचे उत्तर धरले जाते. ल्युकोप्लाकियाच्या कार्डाची कड मी काळ्या पेनाने रंगवून ते गटातून बाहेर काढले आहे. जिभेच्या कार्डावरची पट्टी सारखी हाताळून एका कोपऱ्याने सुटली आहे. ती या आठवड्यात पुन्हा चिकटवायची आहे.